बावीस भाकऱ्या

उज्वला – पण आजी, गोलकीपरच नसेल तर बाकीच्या दहा जणांनी मैदानात करायचं काय?

रंगूबाई – आन् हातच नसतील तर माझ्या भाताच्या रोपांनी करायचं काय? राबात पिवळी पडायला लागलीत. चार खाचरांची लावणी राह्यलीय अजून. सार्थकचा बाप मुंबैला, रजा नाय म्हणतो. आयशीचा पाय प्लास्टरमधी. उरलो आमी दोघं, आजी नि नातू. आता पण तिकडं खालीच हाय तो, चिखल करतोय.

उज्वला – गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात आम्ही सात गोल खाल्ले. नोकरीचं माझं ते पहिलंच वर्ष. यंदाही तसंच झालं तर फुटबॉल बंद करू म्हणालेत प्राचार्य. पण यंदा तसं होणार नाही, आजी. अर्शद पुढे असा पळतो की बघत राहावं. पाचाडची दोन मुलं मागे भिंतीसारखी उभी असतात. आणि सार्थक गोलात असला की सगळ्यांचाच जीव शांत असतो. सोमवारपासून आठ दिवसांचं शिबिर आहे. शिबिराला नसेल त्याचं नाव विद्यापीठाकडे जात नाही.

रंगूबाई – मला यातलं कायबी बोलला नाय तो.

उज्वला – नाहीच बोलणार. मला म्हणाला, मॅडम, आजीला विचारू नका, ती हो म्हणेल.

रंगूबाई – आजोबावर गेलाय मेला. तू चहा घे. आन् तो रिक्षावाला बाहेर कशाला बसलाय पावसात? त्याला पण बोलाव.

उज्वला – बोलावलं मी. रिक्षातच बरा आहे म्हणतात. आमच्या अर्शदचे आजोबाच आहेत ते. अब्बासचाचा.

रंगूबाई – कुठला अब्बास? पोलादपूरचा?

उज्वला – हो. तुम्ही ओळखता त्यांना?

रंगूबाई – त्याला सांग, रंगूबाईनं बोलावलंय. चहा निवतोय म्हणावं.

(अब्बास ओल्या चपला उंबऱ्याबाहेर काढून आत येतो.)

अब्बास – वहिनी.

रंगूबाई – बसा, भावजी. पार पांढरे झालात की.

अब्बास – तुम्ही कुठं काळ्या राहिलात.

रंगूबाई – बघ गो बाय. पंचेचाळीस वर्षांनी माणूस घरात येतो, नि हे बोलतो. हा कोण म्हाईत हाय का तुला? तुझ्याच कालेजाच्या टीमचा क्याप्टन व्हता. आमचे हे गोलात, हा पुढं.

उज्वला – सार्थकचे आजोबा आमच्या संघात होते? चाचा, अख्ख्या रस्त्यात तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

अब्बास – तू विचारलं नाहीस, बेटा.

रंगूबाई – तो कशाला बोलेल. मी सांगते. तेव्हा पण असंच व्हायचं. ऐन लावणीत म्याचा. डोंगरावरची पोरं यायचीच नाहीत सरावाला, घरून सुटका नसायची. मग ह्यांनीच डोकं लढवलं. म्हणाले, आपण सावड करू. आज टीममधल्या जानूच्या शेतात सगळे, उद्या दुसऱ्याच्या. आपल्यात शेजारी-शेजारी एकमेकांच्या शेतात जातात ना, तशी. एका दिवसात एकेकाची लावणी उरकायची, नि सांजच्याला मैदानात.

अब्बास – कपडे न बदलता खेळायचो. चिखल तोच.

रंगूबाई – ह्याच्या घरी शेत नाय, पण हा सगळ्यात पुढं. अगदीच पुढं. लावणी करताना मागं मागं सरायचं असतं, बाय. हा पठ्ठ्या पुढं पुढं चालला, आपणच लावलेली रोपं तुडवीत. जानूची आई बांधावर बसून डोळे पुसत हसत व्हती.

अब्बास – मी सेंटर फॉरवर्ड, वहिनी. मागं सरायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

उज्वला – आणि ह्या घरची लावणी? इथे कधी आलात?

रंगूबाई – सांगा की, भावजी.

अब्बास – इथं लावणीला आलोच नाही. सहदेव म्हणाला, माझं शेत शेवटी घ्या. दिवस ठरला, शुक्रवार. आणि आदल्या संध्याकाळी निरोप आला, शनिवारची फायनल शुक्रवारीच आहे, अलिबागला. आम्ही पहाटेची गाडी पकडली. सहदेवला कंडक्टरच्या हाती चिठ्ठी पाठवली. थेट अलिबागला ये, लावणी दोन दिवसांनी करू.

रंगूबाई – चिठ्ठी आली नऊ वाजता. मी या घरात नवी. अकरा माणसांच्या बावीस भाकऱ्या थापून बसलेले. वर सुकटीचं कालवण.

उज्वला – नऊला निघाले असते तर पोचले असते की.

रंगूबाई – कसे निघतील? रोपं आदल्या दिवशीच उपटून, मुठी बांधून ठेवलेल्या. सकाळी लोक येणार म्हणून. उपटलेलं रोप थांबतं व्हय, बाय?

अब्बास – हे मला ठाऊक नव्हतं, वहिनी. खरंच सांगतो. मला वाटलं रुसला. त्याच्या शेताचं आधी पाहिलं नाही, म्हणून मुद्दाम आला नाही. गाडीतही सगळ्यांना तेच सांगितलं मी.

उज्वला – मग गोलात कोण उभं राहिलं?

अब्बास – मी. चार खाल्ले. पहिला तर दोन पायांमधून गेला.

रंगूबाई – आमी दोघांनी तीन दिवस लावणी केली. भाकऱ्या पण तीन दिवस पुरल्या.

अब्बास – त्या संध्याकाळी एसटीनं पोलादपूरला परत निघालो होतो. तुमच्या फाट्यावर गाडी थांबली. सहदेव तिथं दगडावर बसलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. गाडीच्या खिडक्यांकडं बघत होता. मी त्याला पाहिलं आणि मान खाली घातली. मग परीक्षा झाल्या, मी सौदीला गेलो. परत येऊन रिक्षा घेतली. महाड-पोलादपूर, दिवसातून चार वेळा ह्या फाट्यावरून जातो. आत वळलो नाही. तो गेल्याचं कळलं, तेव्हाही फाट्यापर्यंतच आलो.

रंगूबाई – त्यांनी पण पाह्यलं व्हतं तुमाला.

अब्बास – काय म्हणाला?

रंगूबाई – घरात आले, पाय धुतले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, अब्बासची मान खाली व्हती, म्हंजे हरले. मग जेवायला बसले. एवढंच.

अब्बास – माझ्याबद्दल काही नाही?

रंगूबाई – म्हणाले, शेत नसलेल्या माणसाला काय कळणार रोपाचं. राग नव्हता, भावजी. नंतर कैक वर्सं लावणी आली की म्हणायचे, आपली एक पाळी बाकी हाय. मस्करीच करायचे. पण बोलताना फाट्याकडं बघायचे.

उज्वला – आजी, आज शुक्रवार. शिबिर सोमवारी आहे. परवा रविवारी सगळा संघ इथे आणते मी. सोळा जण आणि मी सतरावी. चार खाचरं आहेत ना?

रंगूबाई – तुझी पोरं महाडची, बाय. निम्म्यांनी चिखलात पाय घातला नसेल.

उज्वला – पाचाडची दोघं शिकवतील. आणि सार्थक आहेच.

रंगूबाई – म्हणायला काय जातं गो. तेव्हा पण म्हटलंच व्हतं.

अब्बास – वहिनी, रविवारी मी येतो. पहिली फेरी सातची, तीच इकडं वळवतो. पोरांचं ही बघेल. माझी पाळी माझी.

रंगूबाई – ह्या वयात वाकता येईल का तुमाला?

अब्बास – मागं मागं सरायचं ना? आता जमेल. गुडघे तसेही पुढं जात नाहीत.

रंगूबाई – अर्शदला आणा. त्याचे पाय बघू दे मला.

उज्वला – म्हणजे सार्थकला सोमवारी पाठवाल?

रंगूबाई – रोपं आजपासूनच उपटायला घेते. जाताना खाली त्याला सांग, आजीनं मुठी बांधायला बोलावलंय. सोमवारचं पण सांग.

अब्बास – आजच नका उपटू, वहिनी. रविवारी आम्ही बांधावर दिसलो की मग उपटा. आणि भाकऱ्याही तेव्हाच टाका. मागच्यासारखं नको.

रंगूबाई – माणसं दिसल्यावर भाकऱ्या टाकत बसले तर मी लावणी कधी करू, भावजी? पीठ रातीच चाळून ठेवीन, पहाटे थापायला बसेन. सतरा आणि तुम्ही एक. छत्तीस होतात, बाय?