आप्पांच्या उपोषणातली साखर

उपोषणाला बसलेल्या माणसावर चोरून खाल्ल्याचा आळ आलेला तुम्ही ऐकलाय का कधी? आमच्या आप्पांवर आला. आप्पा म्हणजे माझे म्हसावदचे काका. शेतातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, पंप बंद पडला, पपई सुकायला लागली, म्हणून ते वीज कार्यालयासमोर बसले. पाण्याशिवाय काहीच घेत नव्हते. मी शेजारीच होतो ना!

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी बोटाला सुई टोचून शुगर तपासली. म्हणाल्या, "नॉर्मल आहे."

वीज कार्यालयाचे साहेब लगेच म्हणाले, "तीन दिवस उपाशी आणि शुगर नॉर्मल? म्हणजे चोरून खाताय तुम्ही!"

आप्पांनी भूक सोसली होती, पण हे त्यांना सोसवेना. डोळे भरून आले. "मी तोंडमा दाना टाकेल नई," एवढंच म्हणाले.

मॅडम साहेबांवर उखडल्या. "अहो, मेंदूला साखर लागतेच. खाणं थांबलं की लिव्हर आधी साठवलेली साखर सोडतं. ती संपली की अंगातले स्नायू आणि चरबी वापरून नवी बनवतं. हे खात नाहीयेत, झिजताहेत!"

आप्पांनी डोळे पुसले. "म्हंजे मन्हं लिव्हर कोनी न सांगता काम करस?"

"हो."

आप्पा साहेबांकडे वळले. "आनि तुमना हापीसले मी चार अर्ज दिधात!"

मंडपात असा हशा पिकला की साहेब मोबाईल काढून बाजूलाच गेले. दुपारी नवी डीपी शेतात पोहोचून सुरूही झाली.

"आप्पा, आता तरी काही खा," मी म्हणालो.

"पहिले पपईले पानी दे."