पाणी सुटलं की बसवतो

...नाही, पण मला सांगा, होडीला पाणी लागतं हे भूगोलाच्या मास्तराला बायकोनं सांगायचं का? बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं ह्यांनी फळ्यावर निळ्या खडूनं गोदावरी काढली, धरणं दाखवली, डावा कालवा कुठला आणि उजवा कुठला म्हणून पोरांना बाकावर उभं केलं, आणि रिटायर झाल्यावर होडी घेतली ती कुठं चालवायला? तर कालव्यात! तुम्हाला सांगते, तुम्हाला कधी होडी घ्यावीशी वाटली ना, तर आधी मला फोन करा. औरंगपुऱ्यात कुणालाही विचारा, होडीवाल्या अनसूयाबाई कुठं राहतात म्हणून.

मूळ दुखणं असं, की लग्न झालं तेव्हा ह्यांनी मला शब्द दिला होता, श्रीनगरला नेतो, शिकाऱ्यात बसवतो. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं, निवडणुकीची ड्युटी आली, जनगणना आली, आमच्या लेकीचं, चारुताचं बाळंतपण आलं... चौतीस वर्षं गेली आणि माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, "काकू, आता चढउतार टाळा." झालं श्रीनगर! ह्यांनी मनाला लावून घेतलं, मला कळतं ना.

मग जानेवारीत आम्ही कारभारींकडं हुरड्याला गेलो. कारभारी म्हणजे ह्यांच्या शाळेतले शिपाई, आता पैठणकडं शेती बघतात, आणि शेताला लागून कालवा. कालवा कसा? काठोकाठ! संथ, कडेला बाभळी, वर बगळे... ह्यांच्या हातातला हुरडा हातातच राहिला. मला म्हणाले, "अनू, इथं शिकारा बसेल." धरणावरच्या एका मासेमाऱ्यानं नवी फायबरची होडी घेतली होती, त्याची जुनी लाकडी ह्यांनी कारभारींच्या ओळखीनं उचलली. आणि मी मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली. हो, ठेवली, लाज कसली? मलाही बसायचं होतं!

महिन्याभरानं होडी ट्रॅक्टरवरून कारभारींच्या शेतात आली, आम्ही हौसेनं गेलो, आणि कालवा? कोरडा! तळाला उरलेल्या चिखलात दोन म्हशी बसलेल्या. हे एकदा म्हशींकडं बघतायत, एकदा होडीकडं बघतायत... तेवढ्यात मोटरसायकलवरून पाटकरी आला, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना सोडणारा माणूस. त्यानं गॉगल कपाळावर सरकवला. "सर, ही होडी कशाला आणली म्हणायची?" हे म्हणाले, "कालव्यात चालवायला." "व्हय? पर पाणी तर आवर्तनालाच सुटतंय की! हुरड्याच्या टायमाला सुटलं हुतं, गेलं. आता पुढल्या पाळीला."

ऐकलंत? जो माणूस ह्या शहरात जन्मला, जिथं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, जिथं पाहुण्यांना बोलवायचं तर आधी नळाचा वार बघतात, त्या माणसानं भरलेला कालवा बघितला आणि एका शब्दानं विचारलं नाही, की बाबा रे, हे पाणी कुठल्या वारी येतं! मी फक्त म्हटलं, "आता?" तर म्हणाले, "आता काय, पाणी सुटलं की बसवतो."

बरं, होडी सांभाळायची कशी, तेही ऐकून ठेवा. लाकडी होडी उन्हात राहिली की सुकते आणि फळ्यांमधे फटी पडतात. फटींत सुताची दोरी ठोकायची, वरून डांबर लावायचं, आणि ओलं गोणपाट टाकायचं. रोज ओलं! रोज कोण करणार? कारभारींची बायको आशाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वैनी, हितं म्हशीला धुवाया पाणी नाय, अन् मी लाकूड भिजवीत बसू व्हय?" काय चुकलं तिचं? म्हणजे बघा, होडी पाण्यात घालायची तर आधी होडीला पाणी घालायचं! हे कुठल्या भूगोलात लिहिलंय?

मार्चमध्ये पाणी सुटलं, पण आम्हाला कळून तिथं पोचेपर्यंत आठवडा गेला. ह्यांना कुठला धीर! होडी ढकलली, स्वतः बसले, मी काठावर मोरपंखीत उभी, आता मला हात देतील, मग देतील... आणि होडी शांतपणे खाली! काठाच्या पायरीवर कंबरभर पाण्यात हे ताठ उभे, वर्गात उभे राहायचे तसे. कारभारी वरून ओरडतायत, "सर, लाकूड फुगाया पायजे! धा दिस बुडवून ठिवावं लागतंय, मगच फटी मिटत्यात!" आता सांगता? होडी बुडवून ठेवली, होडी फुगली, आणि तोवर आवर्तन संपलं. त्या दिवशी परतताना गाडीत ओल्या पँटीनं बसून हे म्हणाले, "अनू, पाणी सुटलं की बसवतो."

एप्रिलात पाणी सुटलं तर होडीत आशाबाईची कोंबडी. अंड्यांवर बसलेली! "एकवीस दिस हलवायची नाय, वैनी. पाप लागतंय." एकवीस दिवस! आणि आवर्तन पंधरा दिवसांचं! हे कोंबडीकडं असं बघत होते, जशी ती उशिरा आलेली विद्यार्थिनी आहे. मी म्हटलं, असू द्या हो, कुणीतरी बसलं ना होडीत.

मे महिन्यात मात्र सगळं जमलं. कारभारींनी पाणी सुटल्या दिवशीच होडी बुडवली, कोंबडी पिल्लं घेऊन आधीच उतरली होती, आणि वल्ही तर ह्यांनी घरी आणून, गच्चीत बसून, पॉलिश पेपरनं अशी घासली की गालावरून फिरवावीत! होडी फुगून तयार झाली तेव्हा पाटकऱ्याचा निरोप, बुधवारी सकाळी पाणी बंद व्हायलंय, काय बसायचं ते मंगळवारी बसून घ्या. मंगळवारी मी साडी नेसले, गुडघ्याला पट्टा बांधला, चहाचा थर्मास भरला. ह्यांच्या खांद्यावर दोन वल्ही. खाली गाडी उभी. कारभारींचा फोन आला, "वैनी, या बिगीबिगी! होडी लई झ्याक डुलायली, आत थेंब नाय!"

आणि खालच्या मजल्यावरच्या श्रेयाची हाक. "काकूऽऽ! पाणी सुटलंऽऽ!"

दहा दिवसांनी सुटलं होतं हो! रविवारी यायचं, ते मंगळवारी. घरात पिंप कोरडं, टाकीत चार बोटं. मी जिन्यातच थांबले. हे माझ्याकडं बघून म्हणाले, "अनू, तू म्हणशील तसं. जाऊ या आपण, राहू दे पाणी." खरंच म्हणाले! चौतीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस नळ सोडून माझ्याबरोबर यायला तयार झाला, आणि मला इतकं भरून आलं म्हणून सांगू...

मी पदर खोचला आणि मोटर लावली.

दुपारपर्यंत पिंपं भरली, बादल्या, कळशा, कुकर, थर्मासातला चहा पिऊन थर्माससुद्धा. मग गुडघे धरत गच्चीवर गेले, टाकी किती भरली बघायला. हे आधीच तिथं. टाकीत वल्हं सोडून खोली मोजत होते. म्हणाले, "काठोकाठ आहे, अनू. बस." बसले की टाकीच्या कट्ट्यावर, मोरपंखी साडीत. ह्यांनी वल्हं हळूच एकदा फिरवलं, पाणी डुललं, त्यात आम्ही दोघं डुललो. मग ह्यांनी चपला काढल्या. आणि मी काय बोलले असेन? चौतीस वर्षं वाट बघितलेली बाई मी...

म्हटलं, "पाय नका बुडवू हो. आठ दिवस प्यायचंय."