सासऱ्यांची मोटारसायकल चोरीस गेली नसल्याबाबत

मी, तक्रारदाराची पत्नी, वय ४३ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवणे, राहणार बाजारामागील गल्ली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, माझे सासरे वारल्यापासून त्यांची जुनी मोटारसायकल मागच्या शेडमध्ये बंद पडून होती. माझे पती शेडकडे फिरकत नसत. मागील हिवाळ्यात ते जेवताना म्हणाले, "ते भंगार देऊन टाकू." सासूबाईंनी ताट अर्धे टाकले.

दुसऱ्या दिवशी त्या मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने दुरुस्तीची तीन पुस्तके काढली. पहिले गुळगुळीत, रंगीत फोटोंचे. सासूबाई म्हणाल्या, "ही लग्नाची पत्रिका झाली. संसाराचं काय?" दुसरे कंपनीचे, चांगले जाडजूड, पण त्यातल्या चित्रात गिअर डाव्या बाजूला होता, आमचा उजव्या. म्हणजे ते नंतरच्या मॉडेलचे. तिसरे बारीक, तेलाच्या डागांचे, आमच्याच मॉडेलचे. सासूबाईंनी त्यातले जोडणीचे प्रकरण आधी उघडले. म्हणाल्या, "खोलायला कुणालाही येतं गं. परत बसवायचं कोण नीट सांगतंय, ते बघ." दुकानदार प्रामाणिक होता. यात वायरिंग धड नाही, असे त्याने स्वतःहून सांगितले. म्हणून जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे एक वेगळे पुस्तकही घेतले.

पतींनी ती पुस्तके पाहून विचारले, तेव्हा सासूबाईंनी "विणकामाची आहेत" असे सांगितले. मी वाचायचे, त्या हात चालवायच्या. बारीक स्क्रू माझ्याकडे. कार्ब्युरेटर दोनदा चुकीचा बसला. दोन्ही वेळा आम्ही हसून हसून खाली बसलो.

आज सकाळी गाडी सुरू झाली. होईल अशी आमचीच खात्री नव्हती, त्यामुळे घरी कोणाला सांगायचे राहून गेले. सासूबाई मागे बसल्या आणि म्हणाल्या, "आता थांबू नकोस." आम्ही तलावापर्यंत गेलो. परतताना आपल्या हवालदारांनी कोपऱ्यावर अडवले व शेडमध्ये गाडी न दिसल्याने पतींनी चोरीची तक्रार दिल्याचे सांगितले. तक्रारीत गाडीचे वर्णन "अत्यंत मौल्यवान" असे आहे, हेही नमूद व्हावे.

गाडी ठाण्याच्या आवारात आली तेव्हा पती आत बाकावर बसले होते. आवाज ऐकून ते उभे राहिले. "बाबा," एवढेच म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी सीटवर हात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "रडायचं असेल तर रड, पण टाकीवर नको. नवा रंग आहे."

पतींची आता कोणाविरुद्धही तक्रार नाही. माझी आहे. गाडीवर दोघेच बसतात. माय-लेक बाहेर गाडी चालू ठेवून बसले आहेत आणि मला "तू ये चालत" असे सांगण्यात आले आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. इंजिनाच्या आवाजात जेवढा ऐकू आला, तेवढा सर्व खरा आहे.