तांदळाच्या दाण्याएवढी बायको

— अहो पाय! पाय उचला मेहुणे, रूळ आहेत तिथे! देतो हो तुमच्या ताईची बॅग, पण टेका जरा — खुर्चीवर नको, तिच्यावर बोगदा वाळतोय, स्टूल घ्या. हां. तर काय सांगितलं तिनं? घरभर खेळण्यातल्या गाड्यांचे रूळ घातले म्हणून माहेरी आली? साफ खोटं! ही मोठी गाडी, इंजिनावर मांजर बसतं, ती पलंगाखालून जायची तेव्हा तुमची ताई पुस्तकातून डोकं वर न काढता पाय वर घ्यायची. टेबलावरची ती मधली, वीतभर डब्यांची. आणि पार मागे, डोंगराशी, ती बारकी — डबा बोटाएवढा — दिसली का? चष्मा लावा.

यातली मेख ऐका. पुढे मधली गाडी, मागे बारकी, की मागचं स्टेशन कोसभर लांब वाटतं. सगळे शौकीन करतात, मी काय जगावेगळं केलं? आता फलाट म्हटला की माणसं आली, हातानं कोरलेली — म्हणून पुढच्या फलाटावर मी, टोपी, शिट्टी, पोट जरा तासलं — आणि मागच्यावर तुमची ताई. तांदळाच्या दाण्याएवढी. मोठ्या हौसेनं दाखवलं हो! भिंगातून बघितलं, म्हणाली, "स्वतः एवढा, आणि मी एवढीशी? तीही तिथे?" मी म्हणालो, अगं, अंतर दिसावं म्हणून! तिथेच गप्प बसावं की नाही? नाही. वर म्हणालो, तुला पुढे आणलं तर देखावा बिघडतो. हसताय काय? तुम्ही मोठे शहाणे!

चालवून दाखवू? नाही. बिघडलं काही नाही हो, मीच चालवत नाही. ती गेल्यापासून नाही. हे बघा — हो, तीच, मधल्या मापात, माझ्या शेजारी. नाक दोनदा केलं, पहिलं तुमच्यासारखं झालं होतं. देखावा बोंबलला, मागचं स्टेशन ओस पडलं, पडू दे. गाडी का सोडत नाही म्हणता? अहो, फलाटावर उभी आहे ना ती! गाडी आली आणि बसून गेली तर? — करमत नाही हो मला. हे सांगू नका तिला. नाही, सांगाच.

बॅग? कसली बॅग? नाही देत, जा! हवी असेल तर म्हणावं स्वतः ये. आणि निघा आता, मला कामं आहेत. अहो — पाय!