अडकित्त्याची जप्ती

एक कप चहा पाजता आणि दर वेळी मला तेच सांगायला लावता. ऐका, पण हे शेवटचं.

माझ्या बांधाची सुनावणी होती, अलिबागला एका सरकारी कचेरीत, अकरा वाजता. फाटकावरच्या हवालदाराने माझी चंची उलटी केली आणि अडकित्ता उचलला.

"हे हत्यार हाय. आत न्हाय न्यायचं."

"अरे, सुपारी कातरायचा हाय तो!"

"आन् सायबाचं बोट कातरलंत तर?"

"सायब माझ्या अडकित्त्यात बोट कशाला घालंल?"

त्यावर त्याने वही काढली. नाव सांगा, गाव सांगा, अंगठा द्या. तेवढ्यात एक मोकाट बैल निवांत आत गेला. त्याला कोणी गाव विचारलं न्हाय.

मी वर पोचलो, तर माझं नाव तीनदा पुकारून झालेलं. गैरहजर मांडलं, तारीख सहा महिने पुढे. तोवर शेजारी माझ्या बांधावर कुंपण घालून मोकळा!

खाली आलो, तर सरकारची इमारत राखणारा हा वाघ खुर्चीत बसून माझ्याच अडकित्त्याने सुपारी कातरत होता.

"धार चांगली हाय, आजोबा. खाणार?"

आता त्याची म्हसळ्याला बदली झालीय म्हणे. कुठंही जाऊ दे. अजून माझी माफी मागितलेली न्हाय त्याने, त्या हवालदार सुर्व्याने.