दर्यावर

दादू : आमच्या थोरल्या नातीचं, वेदिकाचं लग्न करोनात तोंडाला फडकी बांधून झालं ना, त्या साली माझ्या या नातीनं कबड्डी धरली. तेव्हापासून कधी तिचा दम तुटला नव्हता. आज सकाळी मधल्या रेषेवर उभीच्या उभी राहिली. तुम्ही काय शिकवलंत तिला, मॅडम?

मॅडम : आवाज कमी करा, आजोबा. मुली ऐकतायत.

दादू : ऐकू देत. दुपारच्या फायनलला कोच सर तिला बाहेर बसवतायत.

मॅडम : सामन्याआधी मुली घाबरतात, त्यांचं मन शांत करायलाच मी संघाबरोबर असते. म्हणून मी डोळे मिटायला सांगते. समोर शांत समुद्र बघा, लाट येताना श्वास घ्या, जाताना सोडा. सगळ्यांना बरं वाटतं.

दादू : शांत दर्या कुठे बघितलात? कॅलेंडरवर?

मॅडम : टोमणे नकोत. मला कुणी काही सांगितलंय का?

दादू : तुम्ही विचारलंत?

मॅडम : पहिल्याच दिवशी. सानवी, बाबा काय करतात विचारलं, तेव्हा काय म्हणालीस?

सानवी : बाबा दर्यावर गेलेत.

मॅडम : ऐकलंत? मला वाटलं, बोटीवर नोकरीला असतील.

दादू : गो, असं सांगितलंस?

सानवी : घरात आपण असंच म्हणतो ना, आजा. आई कुंकू लावते. नारळी पौर्णिमेला तू त्यांच्या वाटणीचा नारळ वेगळा ठेवतोस. मग मी बाहेर काय सांगू?

मॅडम : डोळे मिटल्यावर तुला काय दिसतं?

सानवी : पाणी. लाट आली की मी त्यांचं डोकं शोधते. आज डोळे उघडे होते, तरी शोधत होते. शिट्टी ऐकूच नाही आली.

दादू : बंद करा तो तुमचा समुद्र.

मॅडम : केला. आत्ताच केला. पण घरातला कोण बंद करणार?

दादू : माझ्या घरात शिरू नका.

सानवी : आजा, भांडू नको. मला दुपारी खेळायचंय. मॅडमना खरं सांग, त्या सरांशी बोलतील. माझ्या तोंडून ते येत नाही.

(दादू खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरतो.)

दादू : ऐका मग. माझा मुलगा संदेश, हिचा बाप, दोन हजार तेवीस साली, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच खेपेला, जयगडच्या बाहेर बुडून मेला.