उलटी बाजू

नाही काकू, पाणी नको, बसतही नाही – बरं, बसते, पण तो फोन आधी टेबलावर ठेवा. माझ्यासमोर. अहो, मी तुमच्या मुलीला भेटायला आले, आणि तुम्ही दार उघडून काय म्हणालात? ‘ती थंडीतच गेली.’ जशी काही कोपऱ्यावर दूध आणायला गेलीये! मग गेल्या आठवड्यापर्यंत मला रोज ‘झोप आता’ कोण म्हणत होतं? तुम्हीच ना? नुसती मान हलवू नका.

आमचा फोनवरचा ग्रुप कसला आहे, माहितीये तुम्हाला? भरतकामाचा, पण आम्ही भरतकाम दाखवत नाही – त्याची उलटी बाजू दाखवतो. गाठी, लोंबणारे दोरे, चुकीचे ओढलेले टाके. पुढून काय, सगळेच छान दिसतात! माझ्या एका रुमालाची मागची बाजू बघून तिनं लिहिलं, ‘हे रागात भरलंयस ना?’ घरात रोज शेजारी बसून जेवणाऱ्यांना कळलं नव्हतं, काकू. तिथं ती उसवण, मी गुंता – खरी नावं विचारलीच नाहीत, गरज काय होती? पत्ता? तो तिनं मला दोरे पाठवले होते ना, त्या पाकिटावरचा.

आणि मग उन्हाळ्यात एकदम सुलटी बाजू! जांभळी फुलं, इस्त्री केलेली. सगळे तुटून पडले, ‘उसवणबाई, नियम विसरलात का?’ तर तुमचं उत्तर – ‘धन्यवाद. सर्वांनी तब्येत जपा.’ कॉलेजातली मुलगी असं लिहिते? तिला पूर्णविराम द्यायचा कंटाळा! तुम्हा मोठ्या माणसांना वाटतं, आम्हाला काही कळत नाही. मला त्याच दिवशी कळलं –

म्हणजे – शंका आली. असं बघू नका. हो, कळलं होतं. मग लिहीत का राहिले? का म्हणजे? आईशी भांडून घर सोडलं होतं, त्या भाड्याच्या खोलीत काय भिंतींशी बोलू? तिला लिहिलं, तर इकडून आलं, ‘आधी जेवून घे. मग भांड.’ उसवण असं म्हणालीच नसती, ती म्हणाली असती, भांड अजून जोरात. मला माहीत होतं मी कुणाशी बोलतेय, आणि मी जेवले. ती नाही, हे कळूनही मी तिच्यासाठी रडले नाही, काकू. रडले असते तर तुम्ही लिहायचं थांबला असता.

मग आज कशाला आले? या आठवड्यात उत्तरच येईना. मला वाटलं, आता तुम्हीपण – काय? फोन दुरुस्तीला होता? एवढंच? इथं माझा जीव टांगणीला लागलेला आणि फोन दुरुस्तीला!

बस झालं. ग्रुपवरचं तिचं खातं बंद करा, आत्ता. चष्मा लावा. तिथं खाली, लाल अक्षरं – हां, तेच. तिचं लिहिलेलं जाईल, माझं जाईल, तुमचं जाईल. विचारतंय ना, नक्की का म्हणून? मग सांगा त्याला –

थांबा. बोट उचला. उचला म्हणते ना!

ठेवा तो फोन. नाही, माझ्याकडे नको, तुमच्याजवळच राहू दे. मी निघते. पोचले की लिहीन – तेव्हा उत्तर तिच्या नावानं देऊ नका, स्वतःच्या – नाही. तिच्याच नावानं द्या.

बसा. उठू नका. दार मी ओढून घेते.